बिनतारी यंत्राचा दुभाष्या

घरातील एखादे यंत्र मुके झाले की दोष प्रथम यंत्राच्या अंगाला लावला जातो. पंखा फिरेनासा झाला तर मोटार जळली, घड्याळ थांबले तर कमान तुटली, असे निदान क्षणात होते. पुष्कळदा ते खरेही असते. परंतु संगणकाच्या बाबतीत या सवयीने माणूस फसतो. संगणकात देहाइतकेच महत्त्व भाषेला असते, आणि देह धडधाकट असताना केवळ भाषा न जुळल्यामुळे यंत्र मुके होऊ शकते.

मांडीवर मावणारा संगणक, म्हणजे लॅपटॉप, आता शहरापुरता राहिलेला नाही. तालुक्याच्या गावातील विद्यार्थी त्याच्यावर प्रवेशाचा अर्ज भरतो, निवृत्त गृहस्थ परगावच्या मुलाशी समोरासमोर बसल्यासारखे बोलतात, लहान दुकानदार आपला कराचा हिशेब रवाना करतो. या साऱ्या व्यवहाराचा धागा डोळ्यांना न दिसणारा असतो. त्याला वाय-फाय म्हणतात. एखाद्या सकाळी हा धागा तुटतो. पडद्याच्या कोपऱ्यातील उघडलेल्या पंख्यासारखे चिन्ह नाहीसे होते आणि त्याच्या जागी काट मारलेला पृथ्वीगोल दिसू लागतो. घरातील फोन त्याच राउटरवरून सुरळीत चालत असतो. लॅपटॉपला मात्र आसपास एकही जाळे दिसत नाही. दुरुस्तीच्या दुकानात विचारावे तर उत्तर तयार असते, की कार्ड गेले. थोडा धीट दुकानदार असेल तर तो याहून पुढे जातो आणि लॅपटॉपच जुना झाला असे सांगतो. अर्जाची मुदत उद्या संपणार असेल, तर विद्यार्थ्याच्या वडिलांना दोन्ही निदाने सारखीच महाग वाटतात. वास्तविक अशा वेळी कार्ड गेलेले आहे किंवा नाही, हे ठरविण्याचा एक सरळ क्रम आहे, आणि तो समजण्यास अभियंता असण्याची गरज नाही.

प्रथम हे कार्ड म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. पुष्कळ लॅपटॉपांचे मागचे झाकण काढले तर आत टपालाच्या तिकिटाएवढी एक पातळ पाटी दिसते. सध्या प्रचलित असलेल्या एका मापात तिची रुंदी २२ मिलिमीटर आणि लांबी ३० मिलिमीटर असते. तिला दोन बारीक तारा जोडलेल्या असतात व त्या बहुधा पडद्याच्या चौकटीत लपविलेल्या ॲन्टेनांपर्यंत जातात. काही लॅपटॉपांत ही पाटी सुटी नसते. तिचे काम करणारी चिप मुख्य फलकावरच डाख देऊन बसविलेली असते. ही पाटी म्हणजे एक छोटे नभोवाणी केंद्र आहे असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. घरातील रेडिओ केवळ ऐकतो. हे कार्ड ऐकते आणि बोलतेही. मध्यम लहरींची लांबी शेकडो मीटर असते, तर वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटरची असते. या संभाषणाचे नियम ८०२.११ या क्रमांकाच्या मानकात १९९७ साली प्रथम बांधले गेले. तेव्हाचा कमाल वेग सेकंदाला २० लक्ष अंकांचा होता. १९९९ साली तो १ कोटी १० लक्षांवर गेला. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २००५ साली परवानामुक्त झाला आणि त्यानंतर राउटर ही घरगुती वस्तू होण्याचा मार्ग मोकळा झाला.

आता या कार्डाची भाषा पाहू. कार्डाला “हे पत्र दिल्लीला पाठव” असे सांगून कळत नाही. त्याच्या पोटात क्रमांक घातलेले असंख्य खाने असतात. अमुक खान्यात अमुक आकडा लिहिला की प्रक्षेपक चालू होतो, दुसऱ्यात तिसरा आकडा लिहिला की वाहिनी बदलते, एवढेच त्याला समजते. प्रत्येक उत्पादकाच्या चिपमध्ये या खान्यांची मांडणी निराळी. एकाच उत्पादकाच्या दोन पिढ्यांतही ती निराळी. उलट संगणकाचा कारभार पाहणारी कार्यप्रणाली, मग ती विंडोज असो की लिनक्स, सर्व कार्डांना एकाच सामान्य भाषेत आज्ञा देते. या दोघांच्या मध्ये बसून एकीची आज्ञा दुसऱ्याच्या आकड्यांत उतरविणारा आणि कार्डाचे उत्तर परत समजेल अशा रूपात आणून देणारा जो मजकूर, त्याला ड्रायव्हर म्हणतात. इंग्रजी शब्दाचा अर्थ सारथी असा असला, तरी याचे काम दुभाष्याचे आहे. दोन दरबारांचे वकील समोरासमोर बसले असावेत, दोघांचीही इच्छा तहाची असावी, आणि दुभाष्याच आजारी पडावा, अशी त्या मुक्या लॅपटॉपची स्थिती असते.

या दुभाष्याच्या जोडीला आणखी एक घटक असतो. त्याचे नाव फर्मवेअर. कार्डात स्वतःचा एक लहानसा प्रोसेसर असतो व त्याला चालविणारी आज्ञावली म्हणजे हे फर्मवेअर. अनेक कार्डांत ते कायमचे कोरलेले नसते. वीज गेली की ते पुसले जाते आणि संगणक सुरू होताना ड्रायव्हर ते प्रत्येक वेळी नव्याने भरतो. म्हणून ड्रायव्हर निरोगी असूनही फर्मवेअरची फाइल जागेवर नसेल तर कार्ड जागे होत नाही. हा भेद लक्षात ठेवणे अगत्याचे आहे, कारण लिनक्सवरील कित्येक तक्रारींचे मूळ येथे सापडते.

दुभाष्या आजारी पडतो तो कशाने? सर्वांत परिचित कारण म्हणजे कार्यप्रणालीची सुधारित आवृत्ती. रात्री संगणक आपल्या आपण अद्ययावत होतो, त्या ओघात जुना ड्रायव्हर जाऊन त्याच्या जागी नवा किंवा सर्वसामान्य स्वरूपाचा ड्रायव्हर येतो, आणि तो त्या विशिष्ट कार्डाशी नीट जुळत नाही. दुसरे कारण वीज वाचविण्याचे. बॅटरी टिकावी म्हणून प्रणाली कार्डाला झोपविते, आणि जागे करण्याची हाक त्याला पोचत नाही. तिसरे कारण एकाच कार्डावर दोन ड्रायव्हरांनी हक्क सांगण्याचे. चौथे कारण संगणकाची प्रणालीच बदलण्याचे. विंडोजच्या जागी लिनक्स घातले म्हणजे जुना दुभाष्या निरुपयोगी होतो, कारण त्याला एकच दरबार ठाऊक असतो.

कारणे अनेक असली तरी परीक्षेचा क्रम एकच असावा, आणि तो बाहेरून आत जाणारा असावा. पहिली कसोटी लॅपटॉपच्या बाहेरची आहे. घरातील दुसरे एखादे उपकरण त्याच राउटरवर चालते का, हे पाहावे. तेही चालत नसेल तर दोष राउटरचा किंवा त्याच्या पलीकडचा आहे आणि लॅपटॉपला हात लावण्याचे कारण नाही. ते चालत असेल तर फोनवर हॉटस्पॉट सुरू करून लॅपटॉप त्याला जोडून पाहावा. फोनचे जाळे लॅपटॉपला दिसले आणि त्यावर तो चालला, तर कार्ड व ड्रायव्हर दोघेही शाबूत आहेत. अडचण त्या राउटरशी असलेल्या संबंधात आहे. कधी संकेतशब्द बदललेला असतो. कधी राउटर बारा किंवा तेरा क्रमांकाच्या वाहिनीवर बसलेला असतो, आणि लॅपटॉपच्या कार्डाला अमेरिकेचे नियम शिकविलेले असल्यामुळे तो अकराच्या पुढे पाहतच नाही. भारतात या तेराही वाहिन्या चालतात. तेव्हा राउटर एक, सहा किंवा अकरा यांपैकी एका वाहिनीवर आणला की हरवलेले जाळे दिसू लागते.

दुसरी कसोटी हाताने लागलेल्या कुलपाची. लॅपटॉपच्या कळफलकावर वरच्या ओळीत विमानाचे किंवा ॲन्टेनाचे चित्र असलेली एक कळ असते. घाईत ती दाबली गेली की सर्व बिनतारी यंत्रणा बंद होते. काही जुन्या लॅपटॉपांच्या कडेला यासाठी सरकते बटणच असे. साफसफाई करताना ते सरकले आणि घरच्यांनी कार्ड बदलण्याची तयारी केली, असे सहज घडू शकते. लिनक्समध्ये ‘आरएफकिल’ ही आज्ञा दिली की कुलूप आज्ञावलीने लागले आहे की बटणाने, हे वेगवेगळे कळते. बटणाने लागलेले कुलूप कोणत्याही आज्ञेने उघडत नाही; तेथे बोटच लागते.

तिसरी कसोटी पूर्ण विश्रांतीची. विंडोजच्या २०१२ सालच्या आठव्या आवृत्तीपासून ‘शट डाउन’ केल्यावर संगणक पुरता झोपतोच असे नाही. लवकर जागे होता यावे म्हणून तो आपल्या गाभ्याची स्थिती तबकडीवर लिहून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी तीच पुन्हा वाचतो. त्यामुळे ड्रायव्हर आदल्या रात्री बिघडलेल्या अवस्थेत असेल तर सकाळी त्याच अवस्थेत उठतो. ‘रीस्टार्ट’ केल्यावर मात्र सारे नव्याने सुरू होते. यासाठीच दहा वेळा बंद करून न सुटलेली अडचण एकदा रीस्टार्ट केल्याने सुटते. त्यानेही न सुटल्यास लॅपटॉप पूर्ण बंद करून, चार्जर काढून, चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे. उरलीसुरली वीज निघून जाते आणि अडकलेले कार्ड कधीकधी भानावर येते.

येथवर गुण आला नाही, तर चौथी आणि खरी निर्णायक कसोटी करावी. संगणकाला कार्ड दिसते तरी का? विंडोजमध्ये यासाठी डिव्हाइस मॅनेजर नावाची खिडकी आहे. तीत संगणकाच्या सर्व अवयवांची नोंदवही असते. ‘नेटवर्क अडॅप्टर्स’ या शीर्षकाखाली कार्डाचे नाव असले पाहिजे. नाव आहे आणि त्यावर पिवळ्या त्रिकोणात उद्गारचिन्ह आहे, म्हणजे देह दिसतो पण संभाषण होत नाही. त्या नावावर दोनदा टिचकी मारली की एक क्रमांकही मिळतो व तो मोठा बोलका असतो. २२ म्हणजे उपकरण कोणीतरी बंद करून ठेवले आहे; २८ म्हणजे ड्रायव्हर बसविलेलाच नाही; १० म्हणजे उपकरण सुरू होऊ शकले नाही; ४३ म्हणजे उपकरणानेच बिघाड झाल्याचे कळविल्यामुळे प्रणालीने ते थांबविले आहे. २२ ला एका टिचकीचे औषध पुरते. २८ ला ड्रायव्हर हवा. १० व ४३ या ठिकाणी ड्रायव्हरची चूक असू शकते, तशी कार्डाचीही. म्हणून तेथे प्रथम ड्रायव्हर बदलून पाहावा आणि मगच कार्डाकडे वळावे. मात्र नोंदवहीत कार्डाचे नावच नाही, ‘अननोन डिव्हाइस’ म्हणूनही कोठे उल्लेख नाही, आणि संगणकाच्या मूळ मांडणीच्या पडद्यावर, म्हणजे बायोसमध्येही, ते बंद केलेले नाही, असे आढळले तर कार्ड सैल झाले आहे किंवा खरोखर गेले आहे, असा संशय घेण्यास आधार मिळतो. दुकानदाराचे निदान या पायरीवर पोचल्यानंतर स्वीकारावे. त्याच्या आधी नाही.

ड्रायव्हरवरील उपचारांनाही एक क्रम आहे. बिघाड नव्या आवृत्तीनंतर सुरू झाला असेल तर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे बटण दाबून आधीचा ड्रायव्हर परत आणावा. ते बटण फिके दिसत असेल तर जुना ड्रायव्हर शिल्लक नाही असे समजावे. मग कार्डाचे नाव नोंदवहीतून काढून टाकून संगणक रीस्टार्ट करावा; प्रणाली ते पुन्हा शोधते आणि आपल्याजवळचा ड्रायव्हर नव्याने बसविते. त्यानेही न भागल्यास लॅपटॉपच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावरून त्याच प्रतिकृतीचा ड्रायव्हर आणावा. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘सर्व ड्रायव्हर फुकट व आपोआप’ अशी जाहिरात करणारे पुष्कळ कार्यक्रम फिरत असतात. ड्रायव्हर हा प्रणालीच्या गाभ्यात बसणारा मजकूर आहे; तेथे अनोळखी पाहुण्याला जागा देणे म्हणजे तिजोरीच्या किल्ल्या वाटसरूच्या हाती देणे होय. उपचार झाल्यावर कार्डाच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’च्या पानावर वीज वाचविण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची मुभा काढून घ्यावी. वारंवार तुटणारी जोडणी पुष्कळदा एवढ्यानेच स्थिर होते.

या ठिकाणी एक विचित्र पेच उभा राहतो. जाळ्यावर जाण्यासाठी ड्रायव्हर पाहिजे, आणि ड्रायव्हर तर जाळ्यावर आहे. पैलतीरी असलेली होडी आणण्यासाठी होडीच हवी, तसा हा प्रकार. त्यातून बाहेर पडण्याच्या तीन वाटा आहेत. राउटरपासून लॅपटॉपपर्यंत तार लावता येते, परंतु अनेक नव्या लॅपटॉपांत तारेचे तोंडच नसते. दुसऱ्या संगणकावर फाइल उतरवून पेन ड्राइव्हने आणता येते. तिसरी वाट सर्वांत सोपी, पण फार थोड्यांना ठाऊक. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या तारेने लॅपटॉपला जोडून फोनमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू केले, की लॅपटॉप त्या फोनला तारेची जोडणी समजतो. त्याला वाय-फायच्या ड्रायव्हरची गरज लागत नाही. फोनच्या रूपाने जवळजवळ प्रत्येक घरात ही होडी अलीकडच्या तीरावर बांधलेली असते.

हा सर्व उपचार एका गृहीतावर उभा आहे. ते असे की त्या कार्डासाठी चांगला ड्रायव्हर कोठेतरी अस्तित्वात आहे. तो नसेल तर काय होते, याचा इतिहास उद्बोधक आहे. सन २००३ च्या सुमारास ब्रॉडकॉम या अमेरिकन कंपनीच्या चिपा पुष्कळ लॅपटॉपांत बसविल्या जात होत्या. विंडोजसाठी कंपनीने ड्रायव्हर दिला होता. लिनक्ससाठी दिला नव्हता, आणि चिपेच्या खान्यांची मांडणी सांगणारी कागदपत्रेही प्रसिद्ध केली नव्हती. चिप धडधाकट, प्रणाली धडधाकट, आणि मध्ये मौन. प्रथम एक तडजोड निघाली. ‘एनडीआयएसरॅपर’ नावाच्या आज्ञावलीने विंडोजचा ड्रायव्हर जसाच्या तसा उचलून लिनक्सच्या आत चालविला. दुभाष्याला त्याच्या जुन्या दरबाराचा देखावा उभारून देण्याचाच हा प्रकार होता. काम भागत असे. परंतु काही बिघडले तर आत काय चालले आहे हे कोणालाच पाहता येत नसे.

मग काही स्वयंसेवकांनी अधिक कष्टाचा मार्ग धरला. त्यांनी आपली दोन गटांत विभागणी केली. एका गटाने कंपनीच्या बंद ड्रायव्हरचे पृथक्करण करून चिप कोणत्या आकड्याला कसा प्रतिसाद देते याचे वर्णन लिहिले. दुसऱ्या गटाने मूळ ड्रायव्हरकडे न पाहता केवळ त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर रचला, जेणेकरून कोणी नक्कल केल्याचा आरोप करू नये. या परिश्रमातून जन्मलेला ‘बीसीएम४३एक्सएक्स’ हा ड्रायव्हर जून २००६ मध्ये लिनक्सच्या २.६.१७ या आवृत्तीत समाविष्ट झाला, आणि जानेवारी २००८ च्या २.६.२४ या आवृत्तीत त्याची जागा ‘बी४३’ या सुधारित ड्रायव्हरने घेतली. तरीही एक गाठ उरली होती. फर्मवेअर कंपनीच्या मालकीचे होते आणि ते वाटण्याची परवानगी नव्हती. त्यामुळे प्रत्येक वापरणाऱ्याला कंपनीच्या ड्रायव्हरमधून ते स्वतः कातरून घ्यावे लागे; त्यासाठी तयार केलेल्या साधनाचे नावही ‘फर्मवेअर कातरणारा’ अशाच अर्थाचे आहे. इटलीतील ब्रेशिया विद्यापीठातील संशोधकांनी २००९ साली काही चिपांसाठी मुक्त फर्मवेअर लिहून ही गाठही अंशतः सोडविली.

दरम्यान इतर उत्पादकांचे धोरण पालटू लागले होते. इंटेलने आपल्या लॅपटॉप-कार्डांसाठी लिनक्सचा मुक्त ड्रायव्हर २००४ पासून विकसित केला. फर्मवेअर मात्र बंदच ठेवले. ॲथेरॉस या कंपनीने २००८ साली ‘एटीएच९के’ हा मुक्त ड्रायव्हर दिला. अखेरीस सप्टेंबर २०१० मध्ये ब्रॉडकॉमनेही आपल्या तीन नव्या चिपांसाठी मुक्त ड्रायव्हर प्रसिद्ध केला. जुन्या चिपांना त्याचा लाभ झाला नाही. त्यांचा आधार स्वयंसेवकांचे परिश्रम हाच राहिला. गुप्ततेच्या बाजूनेही एक मुद्दा मांडला जात असे. चिपेची सर्व किल्ली हाती आली तर एखादा मनुष्य तिला निषिद्ध कंप्रतेवर बोलावयास लावील, आणि नियामकांपुढे उत्पादकाला उत्तर द्यावे लागेल, असा तो मुद्दा. तो सर्वस्वी निराधार नाही. परंतु मुक्त ड्रायव्हर आल्यानंतरही देशोदेशीचे कंप्रतानियम पाळण्याची व्यवस्था लिनक्सच्या गाभ्यात करता आली, यावरून दोन्ही हेतू एकत्र साधता येतात हे दिसले.

या इतिहासाचा वारसा लिनक्स वापरणाऱ्याला आजही भेटतो. ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा दिली की प्रत्येक कार्डाचा उत्पादक-क्रमांक दिसतो. इंटेलचा क्रमांक ८०८६ आहे. कंपनीच्या १९७८ सालच्या प्रसिद्ध प्रोसेसरचीच ती स्मृती. ब्रॉडकॉमचा क्रमांक १४ई४ आहे. तो दिसला की पुढची वाट चिपेच्या वंशावर ठरते. काहींना ‘बी४३’ लागतो, काहींना २०१० च्या मुक्त ड्रायव्हरची पुढची पिढी लागते, तर काहींना कंपनीचा ‘डब्ल्यूएल’ हा अर्धाबंद ड्रायव्हर लागतो. यांपैकी दोन एकाच वेळी जागे असले तर ते एकमेकांच्या हातातून कार्ड ओढतात. म्हणून नको असलेल्याचे नाव बहिष्काराच्या यादीत घालावे लागते. ‘डब्ल्यूएल’ गाभ्याच्या बाहेर राहणारा असल्यामुळे गाभ्याची आवृत्ती बदलली की तो नव्याने घडवावा लागतो. शिवाय ‘सिक्युअर बूट’ चालू असेल तर सही नसलेला ड्रायव्हर प्रवेशच मिळवू शकत नाही. ‘काल चालत होते, आज चालत नाही’ या तक्रारीचा उलगडा बहुधा यांपैकी एखाद्या ठिकाणी होतो. जे ड्रायव्हर गाभ्यातच मुक्तपणे नांदतात, त्यांच्या वाट्याला ही दुखणी क्वचित येतात. गाभा बदलणारा मनुष्य त्यांनाही बरोबर घेऊन पुढे जातो.

या प्रश्नाला अलीकडे निकड आली आहे. विंडोजच्या दहाव्या आवृत्तीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अकराव्या आवृत्तीच्या अटी अनेक जुन्या लॅपटॉपांना पुऱ्या करता येत नाहीत. ज्यांचा पडदा, कळफलक आणि प्रोसेसर अजून कामाचे आहेत, अशा यंत्रांपुढे दोनच वाटा उरतात: भंगार किंवा लिनक्स. दुसरी वाट धरणाऱ्याला पहिला धोंडा आडवा येतो तो बहुधा वाय-फायचाच. दहा वर्षांच्या यंत्राचे पुढचे पाच वर्षांचे आयुष्य कित्येकदा टपालाच्या तिकिटाएवढ्या पाटीच्या ड्रायव्हरवर अवलंबून असते. गरीब विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नाही. सुदैवाने पाटी सुटी असेल तर मुक्त ड्रायव्हर असलेले दुसरे कार्ड तिच्या जागी बसविता येते; अथवा बाहेरून यूएसबीच्या तोंडात बसणारे छोटे कार्ड लावता येते. मात्र काही उत्पादक आपल्या लॅपटॉपांत ठराविक कार्डांखेरीज दुसरे स्वीकारीत नाहीत. म्हणून विकत घेण्यापूर्वी चौकशी करावी.

हा विषय सार्वजनिक व्यवहारालाही स्पर्श करतो. केरळातील सरकारी शाळांनी लिनक्सवर आधारलेल्या मुक्त प्रणालीवर आपले संगणकशिक्षण उभे केले आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकच्या चेन्नई केंद्राने ‘बॉस’ ही भारतीय भाषांची सोय असलेली लिनक्स प्रणाली २००७ साली सादर केली. केंद्र सरकारने २०१५ साली शासकीय कामात मुक्त आज्ञावलींना अग्रक्रम देण्याचे धोरण जाहीर केले. ही सर्व पावले योग्य दिशेची आहेत. परंतु प्रणाली मुक्त असली आणि यंत्राच्या पोटातील कार्ड बंद ड्रायव्हरचे असले, तर ते धोरण कागदावर राहते आणि प्रयोगशाळा मुकी राहते. शाळांसाठी व कार्यालयांसाठी शेकडो लॅपटॉप एकदम खरेदी होतात तेव्हा निविदेत पडद्याचे माप आणि स्मृतीची क्षमता बारकाईने लिहिलेली असते. त्याच कागदावर आणखी एक ओळ लिहिता येईल: बिनतारी कार्डाचा ड्रायव्हर लिनक्सच्या मूळ गाभ्यात उपलब्ध असावा. या ओळीला खर्च नाही. उत्पादकाला मात्र ती ऐकावी लागते, कारण शेकडो यंत्रांचा ग्राहक ती उच्चारीत असतो.

घरगुती ग्राहकाला निविदा काढता येत नाही. त्याने तीन साध्या गोष्टी केल्या तरी पुरे. लॅपटॉप धडपणे चालत असतानाच डिव्हाइस मॅनेजर उघडून कार्डाचे पूर्ण नाव व ड्रायव्हरची आवृत्ती वहीत लिहून ठेवावी. त्या ड्रायव्हरची फाइल एका पेन ड्राइव्हवर जपून ठेवावी. आणि जोडणी तुटेल त्या दिवशी बाहेरून आत जाणारा क्रम सोडू नये: आधी राउटर, मग कळ व बटण, मग रीस्टार्ट, मग नोंदवहीतील क्रमांक, मग ड्रायव्हर, आणि सर्वांत शेवटी कार्ड. इतकी तयारी असलेल्या घरात अर्जाच्या शेवटच्या दिवशी वाय-फाय गेले तरी विद्यार्थी फोनची तार लॅपटॉपला जोडून आधी आपला अर्ज भरील, आणि मग निवांतपणे ड्रायव्हरची फाइल उघडून बसेल.